धोंड्याला पुसून

सासऱ्यानं मला पहिल्यांदा मारलं ते भर वर्गात. माझ्या हातात तेव्हा मीटरची लाल तार होती. फळ्यावर तांबोळी मॅडमनी स्कूटरच्या बॅटरीची पेटी काढली होती, तिच्या पोटात ओळीनं उभी नळकांडी काढली होती, आणि शेवटी कोपऱ्यात एक एवढासा चौकोन काढून त्यावर खडू टकटक वाजवला होता.

"आणि हा बघा," त्या म्हणाल्या, "अख्ख्या पेटीत लबाड कोण असेल तर हा."

तेवढ्यात दारातला उजेड गेला. मामा उभे होते. सासऱ्यांना मी मामाच म्हणायची. तिमाप्पा विटकर म्हणजे दाराएवढा माणूस. चाळीस वर्षं दगड फोडून भुवया आणि पापण्या अशा पांढऱ्या झालेल्या, की धुतल्या तरी पांढऱ्याच. बाकांच्या मधून ते सरळ माझ्यापर्यंत आले. हात उचलला आणि मारला. माझ्या कानात शिट्टी वाजत राहिली. सोळा बायका होत्या त्या वर्गात, पण एकीच्याही बांगडीचा आवाज आला नाही.

मॅडम पुढं झाल्या. मामा त्यांना म्हणाले, "बाई, तुमचं शिकवणं तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. ही आमच्या घरची सून हाय."

मनगट धरून त्यांनी मला कॉलेजच्या जिन्यावरून खाली आणलं आणि टेम्पोत बसवलं. मीटर माझ्या मुठीतच राहिला होता. टेम्पो माझा नवरा भीमा चालवत होता. त्यानं आरशातून माझ्या गालाकडं एकदा पाहिलं आणि गाडी सुरू केली. सांगलीतल्या त्या प्रशिक्षणाचा तो चौथा आणि शेवटचा दिवस. उरलेल्या अर्ध्या दिवसात मॅडमनी काय शिकवलं ते मला सतरा दिवसांनी कळलं. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आमची वस्ती कुपवाडच्या एमआयडीसीच्या मागं, एका जुन्या खाणीच्या काठावर. ती खाण मामांनी आणि त्यांच्या वडिलांनी फोडलेली. आम्ही वडार. दगड हेच आमचं शेत आणि सुतकी, दगड फोडायचा हातोडा, हाच आमचा नांगर. त्या खड्ड्यातून निघालेल्या दगडांवर किती घरांची जोती उभी आहेत, कोण मोजणार? मग घरं सरकत सरकत खाणीपाशी आली, सुरुंगाला बंदी आली, आणि खाण मुकी झाली. पोटात झरे फुटून पाणी साठलं. हिरवं, गार, खोल. बोअर आटली तेव्हापासून आम्ही तेच पाणी प्यायचो, त्यातच न्हायचो.

रिकाम्या हातांची बातमी भंगारवाल्याला लवकर कळते. पोपट शेठचा ट्रक यायला लागला. ट्रकात पेट्या असायच्या, स्कूटरच्या, रिक्षाच्या, मोबाइलच्या टॉवरच्या. जुन्या शिशाच्या बॅटऱ्या नव्हेत, या नव्या, लिथियमच्या. शेठला त्यातलं तांबं आणि ॲल्युमिनियम पाहिजे होतं. बाकीचं जाळा, म्हणायचा. मग पुरुषांनी घणानं पेट्या फोडायच्या, खाणीच्या तोंडाशी ढीग घालायचा आणि पेटवायचा. रोज दुपारी. तो जाळ ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून कळायचा नाही. नळकांडी बंदुकीसारखी फुटायची. पेटलेली नळकांडी सूं करत सुटायची, वाट फुटेल तिकडं. एकदा एक नळकांडं शेजारच्या धोंडव्वाच्या गाभण शेळीच्या पोटात घुसलं. शेळी ओरडलीसुद्धा नाही. ती नुसती पळाली, आणि तिच्या कुशीतून धूर निघत होता. आम्ही घागरी घेऊन तिच्यामागं पळालो, पण आग आत होती, पाणी बाहेर.

उरलेली काळी राख घमेल्यांनी खाणीत लोटायची. वर्षभरात पाण्यावर मासे उताणे तरंगायला लागले. माझी मुलगी चिन्नी दीड वर्षांची होती. तिच्या मानेवर, काखेत, जिथं जिथं कातडी मऊ तिथं तिथं लाल चट्टे उठले. रात्रंदिवस खाजवून रक्त काढायची. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि विचारलं, कुठल्या पाण्यानं आंघोळ घालता? मी सांगितलं. भिंतीवर चिकटवलेल्या एका कागदाकडं त्यांनी बोट केलं. तो त्या प्रशिक्षणाचा कागद होता. माझे वडील दगड सोडून जयसिंगपूरच्या शाळेत शिपाई झाले होते, म्हणून मी दहावीपर्यंत शिकलेली. मला कागद वाचता आला. वस्तीत तो दुसऱ्या कुणाला वाचता आला नसता, आणि हेच मामांना सलत होतं.

त्या संध्याकाळी, गाल सुजलेला असताना, मी बोलले. मामा ओट्यावर जेवत होते. भीमा शेजारी. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई नागव्वा, भाकरी थापत होत्या. मी वाढायचं सोडून उभीच राहिले आणि म्हणाले की आपण जाळतो ती राख नव्हे. त्या काळ्या मातीत कोबाल्ट असतं, निकेल असतं, लिथियम असतं. एका पेटीत तांबं निघतं मूठभर, ही माती निघते घमेलंभर. पुण्याकडची एक कंपनी ती वजनावर घेते आणि तिच्यातून पुन्हा नवी बॅटरी करते. आपण शेठला मूठ देतो आणि घमेलं जाळतो. जाळून वर तेच पाण्यात कालवून पितो.

भीमा म्हणाला, शेठ काय येडा हाय काय? मी म्हणाले, शेठ शहाणाच आहे, त्याला जाळायला जागा फुकट मिळाली आणि फुप्फुसंही फुकट मिळाली. भीमानं तांब्या उचलला. मामांनी नुसतं बोट वर केलं. तांब्या खाली ठेवला गेला.

"पुढं बोल," मामा म्हणाले.

"मामा, ही माती कुठनं येती ठावं हाय? लांबच्या मुलखात डोंगर फोडून. माणसं भुयारात सरपटत जात्यात, हातानं खणत्यात, वरनं डोंगर बसला की आतच ऱ्हात्यात. ती माणसं म्हंजी तिकडचे वडारच की. त्यांनी एकदा फोडलंय, मामा. दळून, चाळून, आपल्या दारात आणून ठेवलंय. ही पेटी म्हंजी फोडून झालेली खाण हाय. आपण तिला काडी लावतो. आपल्यासारख्याच कुणाच्या तरी हाताचे फोड जाळतो."

मामांचा घास तोंडाशी थांबला. मला वाटलं, आता दुसरी बसणार. पण त्यांनी ताटात हात धुतला, अर्धी भाकरी तशीच टाकून. तिमाप्पा विटकर भाकरी टाकून उठले असं आत्यांनी लग्नापासून पाहिलं नव्हतं.

"रविवारी खाणीवर," ते म्हणाले. "वस्तीसमोर. एक पेटी तुझ्या रीतीनं फोड. आग न लागता माती आख्खी निघाली, तर दुसऱ्या दिवसापास्नं जाळ बंद. न्हाई निघाली, तर तो मीटर खाणीत, आन् तू घमेल्यावर. पुन्हा तोंड उघडायचं न्हाई."

"आन् पाणी?"

"तेबी त्यातच आलं."

पुढचे दिवस मी तयारी केली. वाण्याकडून जाडं मीठ आणलं, वाळूचे डबे भरले. आत्या दारात बसून पाटा टाकवत होत्या, छिन्नीनं त्याला टाके घालत, आणि गुणगुणत होत्या. घरात आमची वडारी बोली, पण दगडावरची गाणी मराठीच. ते एक गाणं त्यांच्या तोंडी सतत असायचं:

*पहिला माझा घाव, बाई, धोंड्याला पुसून,*
*आत कोण निजलंय, ते बघावं बसून.*

लग्न होऊन आले तेव्हापासून मी ते ऐकत होते. आणि त्या करायच्याही तसंच. दगड कितीही लहान असो, पहिल्या घावाआधी त्यावरून सगळा पंजा फिरवायच्या, मग हात तसाच ठेवून थोडा वेळ बसायच्या, आणि मगच सुतकी उचलायच्या. मामाही तसंच करायचे. मला ती रीत आवडली होती. दगडावरची धूळ झाडून घ्यायची, म्हणजे छिन्नी घसरत नाही, असं मी मनाशी धरलं होतं. आमच्या माहेरी पुसणं म्हणजे पाटी पुसणं, फरशी पुसणं. म्हणून मी कमरेला एक फडकं खोचून ठेवायची, आणि दगड असो की पेटी, घाव घालण्याआधी लख्ख करायची. आत्या बघायच्या आणि आपल्याशीच हसायच्या. जयसिंगपूरची हाय, टापटिपीची, असं शेजारणीला सांगायच्या.

रविवारी दहाच्या सुमाराला सगळी वस्ती खाणीवर जमली. शेठचा माल आदल्या दिवशीच उतरला होता. तीसेक पेट्या कडुलिंबाखाली रचलेल्या. मी समोर पोतं अंथरलं, मिठाच्या पाण्याचा टब ठेवला, वाळूचे डबे ठेवले, हातमोजे घातले. माझी रीत सोपी होती. आधी मीटर लावायचा. आकडा आला तर पेटी जिती. तिला मिठाच्या पाण्यात तीन दिवस ठेवायची, उरलासुरला जीव पाण्यात सोडू द्यायची, मग वाळवून खोलायची. शून्य आलं तर पेटी मेली. तिला मीठ नको, पाणी नको, सरळ खोलायची.

मी ढिगातली वरचीच पेटी ओढली. जुनी, एका बाजूला चेमटलेली. पोत्यावर ठेवली तसे मामा पुढं आले आणि त्यांनी तिच्यावर पंजा ठेवला. बराच वेळ ठेवला.

"ही ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "दुसरी घे."

मी विचारलं, का.

"ऊन लागती हाताला."

"मामा, चैत्र चाललाय."

बायका हसल्या. मामांनी हात उचलला नाही. "सावलीतला धोंडा ऊन नसतो," ते म्हणाले. "रातभर ह्या झाडाखाली हाय ती."

मला वाटलं, हे डाव मोडायला बघतायत. तीन वर्षांत या माणसाला कशाचीही भीती वाटलेली मी पाहिली नव्हती, आणि आता त्यांच्या कपाळावर घाम होता. हरण्याचा घाम, मी मनात म्हणाले. मी तारा लावल्या. मीटर सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. शून्य. धोंडव्वानं पुढं होऊन पाहिलं आणि मोठ्यानं सांगितलं, भोपळा हाय, भोपळा.

"मेलीय, मामा. यंत्र खोटं बोलत न्हाई."

मामांनी पेटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "पुसलंस का तिला?"

मी कमरेचं फडकं काढून झटकलं. "पुसलं की. तुमच्या समोरच पुसते पुन्हा."

"नीट पुसलंस?"

मी पेटीचं झाकण घासलं, कोपरे घासले, चेमटलेली बाजू घासली, आणि म्हणाले, "घ्या. तोंड बघून घ्या आता तिच्यात."

सगळी वस्ती हसली. म्हातारी माणसं हसली, भीमा हसला. तिमाप्पा विटकरांना हसण्याची हिंमत त्या खाणीवर कधी कुणाची झाली नव्हती. मामांचे कान लाल झाले. ते दोन पावलं मागं सरले. आत्या तेवढ्या हसल्या नव्हत्या. त्या माझ्या हातातल्या फडक्याकडं बघत होत्या, जणू ते पहिल्यांदाच दिसत होतं.

झाकणाचे स्क्रू गंजलेले. मी सांधीला छिन्नी लावली आणि सुतकी उचलली. एक घाव, दोन घाव. तिसऱ्याला छिन्नी बोटभर आत गेली.

आतून चटक असा आवाज आला. आणि मग सूं, कुकरची शिट्टी अडकल्यासारखा. छिन्नीच्या कडेनं पांढरा धूर उभा राहिला. त्याला गोड वास होता, फार पिकून गेलेल्या फळाचा. मी त्या वासाकडं बघतच राहिले. शिकवलेलं सगळं, वाळू, अंतर, तोंडाला फडकं, सगळं डोक्यातून निघून गेलं. चार पावलांवर तीस पेट्यांचा ढीग होता. ढिगाला टेकून बायका बसल्या होत्या, आणि धोंडव्वाच्या मांडीवर चिन्नी होती.

तेव्हा मला दुसरी थप्पड बसली.

थप्पड कसली, अख्खा हात होता तो. मी उडून टबावर आदळले, तोंडात रक्त आलं आणि रक्तात एक दात. पडता पडतासुद्धा माझ्या मनात एवढंच आलं, की या माणसानं मला चारचौघांत पुन्हा मारलं.

उठून पाहिलं तर मामांनी पेटी उचललेली होती. उराशी धरलेली, आजारी लेकराला धरावं तशी. धूर काळा झाला होता आणि त्यातून जीभ बाहेर येत होती, निळी, मग पांढरी. मामा पळत होते. लोक एकदम ओरडायला लागले. पाण्यात टाका, पाण्यात टाका. खाणीची गाडीवाट उतरून पंधरा पावलांवर पाणी होतं. मामा त्या वाटेनं उतरले. काठाशी पोचले. त्यांचा सदरा पेटलेला होता. पाणी त्यांच्या पायाशी होतं.

आणि ते वळले. डावीकडं, काठाकाठानं, वर, जिथं कोरड्या कातळाचा चौथरा आहे. तिथं बसून ते पूर्वी जाती टाकवायचे. वीसेक पावलं ते जळते गेले. पेटी त्यांनी टाकली नाही. गुडघे वाकवून, नीट, कातळावर ठेवली. हात तिला चिकटले होते, ते सोडवायला त्यांना वेळ लागला, आणि त्या वेळात ती फुटली. पहिलं नळकांडं त्यांच्या खांद्यात गेलं, दुसरं मांडीत. बाकीची कातळावर आपटून विझत राहिली, एकामागून एक. एकही पाण्यापर्यंत गेलं नाही.

लोक नंतर म्हणायचे, धुरानं आंधळे झाले असणार, वाट चुकले. पण ती खाण तिमाप्पा विटकरांनी डोळे बांधून पार केलेली होती. पैजेवर, तरुणपणी, दोनदा.

भीमानं आणि दोघांनी त्यांच्यावर पोती टाकली. मग भीमा माझ्याकडं आला. माझीच सुतकी त्याच्या हातात होती. त्यानं माझा गळा धरला आणि मला कडुलिंबाला टेकवलं. बोटं अशी रुतली, की मला त्याचा चेहरा हलताना दिसायचा पण शब्द ऐकू यायचे नाहीत. तू मारलंस, तू मारलंस, असं तो म्हणत होता, हे मला नंतर लोकांनी सांगितलं. सुतकी वर गेली. मी डोळे मिटले नाहीत. मला वाटत होतं, त्याचं बरोबर आहे.

मध्ये आत्या आल्या. पाच फुटाची बाई. त्यांनी सुतकीचा दांडा धरला.

"तुझ्या बापानं तिला बाजूला सारलं," त्या म्हणाल्या. "तू मारून पाड, म्हणून न्हाई सारलं."

भीमाचा हात सैल झाला. तो तिथंच खाली बसला आणि कपाळ बुंध्यावर आपटत राहिला, साल निघेपर्यंत.

मिरजेच्या दवाखान्यात मामा अकरा दिवस होते. दोन्ही हात कोपरापर्यंत गेले होते. तोंड सोडलं तर सगळं अंग कापसात. ते बोलायचे नाहीत. मी पायथ्याशी बसायची, आत्या उशाशी. भीमा माझ्याशी बोलायचा नाही, पण डबा दोघींचा आणायचा.

अकराव्या दिवशी सकाळी तांबोळी मॅडम आल्या. कुणीतरी सांगितलं होतं त्यांना. व्हरांड्यात बसून मी त्यांना सगळं सांगितलं, शून्यापासून. त्या ऐकता ऐकता पांढऱ्या पडल्या.

"कस्तुरी," त्या म्हणाल्या, "तो चौकोन मी त्याच्यासाठीच काढला होता. तुला नेलं, आणि मग सगळ्यांना तो सांगितला. पेटीत काही बिघडलं की तो छोटा तुकडा पेटीचं तोंड बंद करतो. बाहेर मीटर शून्य दाखवतो आणि आतली नळकांडी भरलेली असतात. तोंड मिटलं म्हणजे जीव गेला असं नसतं. म्हणून मीटरच्या आधी हात. गरम लागते का, फुगली आहे का. आणि शंका आली तर तिला हलवायचंही नाही, माणसं हलवायची."

माझ्या शेजारी आत्या बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, म्हंजी आधी हात ठिवायचा? मॅडम हो म्हणाल्या.

"मंग तेच तर," आत्या म्हणाल्या. "घाव घालायच्या आधी पुसायचं."

"आत्या, मी पुसलं होतं," मी म्हणाले. "दोनदा पुसलं."

आत्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं. त्यांचा आवाज अगदी हळू झाला. "फडक्यानं?"

मी मान हलवली.

"आगं माझे बाई," त्या म्हणाल्या. "पुसणं म्हंजी इचारणं. तू जिता हायस का, तुझी शीर कुठं हाय, घालू का घाव, असं धोंड्याला इचारायचं. हाताला सांगतो तो. मी तुला फडकं मारताना बघायची आन् मला वाटायचं, पोरीला टापटीप लागती. सांगितलं न्हाई गं कधी. सांगायला पाहिजे असं वाटलंच न्हाई."

मॅडम उठून खिडकीपाशी गेल्या. बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याचं एक चाक कुरकुरत होतं.

दुपारी मामांचे ओठ हलले. मी वाकले. "पाणी," ते म्हणाले.

नर्सनं कापसाचा बोळा ओला करून ओठांना लावला. त्यांनी तोंड फिरवलं. पुन्हा म्हणाले, पाणी. तिनं चमचा आणला. त्यांनी दात मिटून घेतले. नर्स म्हणाली, मावशी, घेत नाहीत ओ, आणि दुसऱ्या खाटेकडं गेली.

मी त्यांच्या कानाशी गेले. "खाणीचं?"

पांढऱ्या पापण्या जळून गेल्या होत्या. नुसते डोळे मिटले आणि उघडले.

"साफ हाय, मामा. एक नळकांडं पडलं न्हाई त्यात."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांची नजर माझ्या तोंडावर आली, दात गेला होता तिथं, आणि तिथंच थांबली. संध्याकाळ व्हायच्या आत ते गेले.

तेराव्यानंतर शेठचा ट्रक आला. वस्ती घरात बसून राहिली. भीमा एकटा बाहेर आला, हातात बापाचा घण. त्यानं शेठला खाली उतरायला सांगितलं, शेठ काही तरी हिशेबाचं बोलायला लागला, आणि भीमानं घण ट्रकच्या काचेत घातला. मग दिव्यांत, मग इंजिनावर. शेठ पळाला तो पायीच. पोलीस आले, भीमा चार महिने आत जाऊन आला. पण खाणीच्या तोंडाशी त्यानंतर जाळ झाला नाही. पाणी निवळायला तीन पावसाळे गेले. चिन्नीची मान त्याआधीच बरी झाली, मी तिला टँकरच्या पाण्यानं न्हाऊ घालत होते तेवढ्या दिवसांत.

याला आता बरीच वर्षं झाली. कातळाच्या चौथऱ्यापासून जरा लांब आमची शेड आहे, पत्र्याची, चारी बाजूंनी उघडी. मिठाचे टब आहेत, वाळूचे हौद आहेत. एक पेटी ठेवायची आणि दहा पावलं मोकळी सोडायची. काळी माती सीलबंद पिंपांतून पुण्याकडं जाते. पिंपं भीमा चढवतो. अकरा बायका आहेत, बहुतेक दगड सोडून आलेल्या. नवीन आलेली बाई पहिल्याच दिवशी माझा पडलेला दात बघते आणि दबकत विचारते, कुणी मारलं, ताई? मी सांगते, सासऱ्यानं. ती च् च् करते. म्हणते, कसली माणसं असत्यात एकेक. मी पुढं काही सांगत नाही. कामाच्या वेळी एवढं सगळं कुठं सांगणार?

परवा एक नवी आली, विट्याकडची. तिला टेबलाशी उभी केली, पेटी पुढं ठेवली, आणि म्हणाले, आधी पुस. तिनं इकडंतिकडं पाहिलं. ओच्याला हात लावला.

"फडकं कुठाय, ताई?"

मी तिचा पंजा धरला, पेटीवर सपाट ठेवला, आणि वर माझा ठेवला.